येडशीच्या पत्त्यावर येणारं बिल

सोलापूर,
१२ जानेवारी २०२५

ति. आबा यांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आणि त्यासोबतचं डिसेंबरचं बिल मिळालं. तीनशे दहा रुपये होते, त्याच दिवशी भरून टाकले. तुमचा खोकला कसा आहे?

आज एक विचारायचं आहे. ज्या बँकेत माझा पगार जमा होतो, त्यांनी मला आपणहून एक क्रेडिट कार्ड दिलंय. त्याला ठेव लागत नाही. म्हणजे आता माझ्याकडं दोन कार्डं झाली, हे नवं आणि येडशीच्या बँकेतलं आपलं जुनं. जुन्याची मुदत मे महिन्यात संपतेय. मी ते महिन्यातून एकदा औषधाच्या दुकानात वापरते, तेही चालू राहावं म्हणून. वर्षाची फी वेगळी. आणि तुम्ही दिलेले तीस हजार त्या कार्डापायी ठेवीत अडकून पडलेत. कार्ड बंद केलं की ठेव मोकळी होईल, व्याजासकट तुम्हाला परत देता येईल.

प्रसेनजित गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी स्कूटीसाठी कर्ज मागायला गेले होते. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या नावावर आजवर कसलीच नोंद नाही. बँकेनं तुम्हाला ओळखायचं कशावरनं?" मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रेल्वेच्या निवृत्तीच्या पैशातनं तीस हजार काढलेत, माझ्या नावानं ठेव केलीत आणि तिच्यावर हे कार्ड घ्यायला लावलंत. काउंटरवर तुम्ही त्या बाईंना म्हणालात, "माझी सून म्हणून नका वळखू. तिच्या नावानं वळखा." ते कार्ड तुम्हाला विचारल्याशिवाय कसं बंद करू? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आणखी एक. पत्ता आणि मोबाईल नंबर बदलायचा फॉर्म मी दोन वर्षांपूर्वी सही करून तुमच्याकडं पाठवला होता. बिल अजून येडशीलाच येतंय, नंबरही घरातल्या प्रसेनजितच्या जुन्या फोनचाच आहे. तुम्हाला दर महिन्याला पोस्टाची खेप. बँकेत एकदा विचाराल का?

तुमची
पौर्णिमा


येडशी,
ता. २३ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा हिस आबारावचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझं पत्र पावलं. कार्ड बंद करायची घाई करू नको.

म्या कालच बँकेत जाऊन माणिकप्पांना गाठलं. कार्डाचं काम तेच बघतेत. माझं ऐकणं गेल्यालं, म्हणून त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं. ते पान सोबत घातलंय. त्यांचं म्हणणं असं हाय की, जुनं कार्ड जितकी वर्सं नीट चालतंय तितकी नावाला पत येती. तुझं नवं कार्ड दोन महिन्याचं, जुनं पाच वर्साचं. जुनं बंद केलं अन् उद्या मोठं कर्ज मागायला गेलीस, तर बँक म्हणंल ही बाई कालचीच हाय. तवा फी गेली तर जाऊ दे. ठेवीचं मला काय करायचं? पेन्शन हाय. एकट्याला लागतंय किती?

फॉर्म म्या तवाच दिला व्हता. बँकेचं काम म्हणजे तुला ठावं हाय. पुन्यांदा इचारीन. पोस्टात जायचा मला तरास न्हाय, उलट पाय मोकळं व्हतेत.

मला एक सांग, तुला पैशाची अडचण हाय का? असंल तर लपवू नको. ठेव मोडायची गोष्ट माणूस उगं काढत न्हाय. सोबत पाचशेच्या दोन नोटा कागदात गुंडाळून घातल्यात. लागलं तर आणखी धाडतो.

खोकला बरा हाय.

आबाराव


सोलापूर,
८ फेब्रुवारी २०२५

ति. आबा यांस,
सविनय जयभीम.

दोन नोटा मिळाल्या. मला पैशाची अडचण नाही, आबा. अडचण वेगळीच आहे. ती मी मागच्या पत्रात लिहायला बसले होते आणि कार्डाचं लिहून मोकळी झाले.

आमच्या दवाखान्यात उत्कर्ष म्हणून एकजण लॅबमध्ये आहे. रक्त तपासतो. आपल्यातलाच आहे, घरी फक्त आई. त्यानं मला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. मीच विचारलं.

प्रसेनजितला जाऊन सहा वर्षं होतील. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं त्या घरात आपण दोघंच होतो. तुम्ही भाकरी थापायला शिकलात, मी तुमचं धोतर इस्त्री करायला शिकले. सोलापूरची नोकरी आली तेव्हा तुम्हीच माझी पिशवी उचलून स्टँडवर आणलीत. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आता तू तुझं बघ, आणि एकदाही म्हणाला नाहीत की बघू नको. त्यामुळं मला कळत नाही की तुम्हाला काय वाटेल.

इथं दोन खोल्यांचा एक फ्लॅट पाहिलाय. एप्रिलमध्ये दोघांच्या नावानं कर्जाचा अर्ज करायचाय. त्या घरात जाताना तुमचे पैसे माझ्याकडं अडकलेले नसावेत, असं मला वाटतं. ते तुम्ही सुनेला दिले होते. म्हणून कार्ड बंद करायचं म्हणतेय. माणिकप्पांनी लिहिलेलं पान वाचलं, त्यांचंही बरोबर असेल. पण सगळंच पत बघून मोजता येत नाही.

तुमचा होकार आला तरच पुढं जाईन. कार्डाचा आणि दुसऱ्या गोष्टीचाही.

पौर्णिमा


सोलापूर,
२० एप्रिल २०२५

ति. आबा यांस,
सविनय जयभीम.

दहा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मधे मी एक पोस्टकार्ड टाकलं, त्याचंही उत्तर नाही. शेवटी शेजारच्या रुद्रम्मा मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगले हायेत की. दारात बसल्याले असतेत. बोलत न्हाईत, पर ते कधी बोलत व्हते?" मग मी समजले की तुम्हाला राग आलाय. त्याचं मी काही म्हणत नाही.

पण दुसरं एक घडलंय, ते विचारलंच पाहिजे. तुमच्या होकाराची वाट बघितली, पण फ्लॅटवाला थांबेना, म्हणून कर्जाचा अर्ज केला. बँकेनं माझं सिबिल काढलं तर त्यात डाग निघाला. येडशीच्या कार्डाची वर्षाची फी, पाचशे नव्वद रुपये, दीड महिन्यापासून थकलेली. फेब्रुवारीत बिल निघालं होतं म्हणे. बंद करायचं म्हणून जानेवारीपासून मी ते वापरलं नव्हतं, त्यात तुमच्याकडून बिल आलं नाही, म्हणून मी समजले की या महिन्यात काही नाही. फोन-मेसेज सगळे प्रसेनजितच्या नंबरवर गेले असणार.

कर्ज देणाऱ्या बँकेतले साहेब म्हणाले, "रक्कम किती हे आम्ही बघत नाही, मॅडम. थकली की नाही एवढंच बघतो." अर्ज बाजूला ठेवलाय. उत्कर्षच्या आईंनी त्या दिवशी मला दुसरा चहा विचारला नाही.

बिल आलं नव्हतं का?

पौर्णिमा


येडशी,
ता. २९ एप्रिल २०२५

चि. पौर्णिमा हिस आशीर्वाद.

पत्रास कारण की, बिल आलं व्हतं. धाडायचं इसरलो. वय झालं. दंडासकट सगळं काल बँकेत भरलं, पावती सोबत हाय.

पत्ता बदलायचं बँकेनं केलं न्हाय त्याला म्या काय करू?

लग्नाचं लिव्हलंस ते वाचलं. शिकली-सवरलेली हायेस. बरं असंल तेच करशील. माझा आशीर्वाद हाय.

कार्ड आत्ताच बंद करू नको. डाग लागल्यावर बंद केलं तर डागच तेवढा मागं ऱ्हातो, असं माणिकप्पा म्हणाले.

आबाराव


सोलापूर,
१८ मे २०२५

आबा,

परवा शुक्रवारी मी येडशीला आले होते.

तुम्हाला कळवलं नव्हतं. वाटलं, आधी बँकेत जाऊन त्या फॉर्मचा छडा लावते, मग घरी येऊन तुमच्यापुढं बसते आणि काय ते एकदा बोलून टाकते. तुमच्यासाठी खारीक घेतली होती. साडेदहाला बँकेत पोचले.

माणिकप्पांनी रजिस्टर दोनदा चाळलं, संगणकात बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, असा फॉर्म आमच्याकडं कधी आलेलाच नाही. आबाराव दर महिन्याला येतात, कार्डाचं बिल निघालं का म्हणून विचारतात. फॉर्मचं कधी बोलले नाहीत." मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी दिला होता. ते म्हणाले, "दिला असता तर चार दिवसांत पत्ता बदलला असता. एक पानाचं काम आहे." मग त्यांनी विचारलं, "आबारावांकडं कुणाला पाठवू का, तुम्ही आलात म्हणून सांगायला?" मी नको म्हटलं.

स्टँडवर येऊन बसले. तिथून आपल्या गल्लीचं तोंड दिसतं. दोन गाड्या सोडल्या. मला उठून तुमच्याकडं यायचं होतं, पण उठले नाही. तिसरी सोलापूर गाडी आली तिच्यात बसले. निघताना खारीक बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईच्या पोरीला दिली.

तुम्ही विसरला नाहीत. फॉर्मही विसरला नाहीत आणि बिलही. तुम्ही रेल्वेत अडतीस वर्षं रुळाचा एकेक बोल्ट तपासत चालत होता, तुम्ही विसरणारे नव्हेत. दोन वर्षं तुम्ही मला लिहीत आलात की बँक करत नाही, आणि मी ते खरं मानत आले. माझं नाव उभं राहावं म्हणून तुम्हीच ते कार्ड काढून दिलंत, आणि तुम्हीच त्याला डाग लावलात. का? लग्न करते म्हणून? तसं होतं तर रागावायचं होतंत. येऊ नको म्हणायचं होतंत. ते मी सोसलं असतं.

तो फ्लॅट दुसऱ्यानं घेतला.

कार्ड बंद करायचा फॉर्म मी भरून ठेवलाय. ठेव मोडायला मूळ पावती लागते, ती तुमच्या पेटीत आहे. ती स्पीड पोस्टानं पाठवा. सोबत पत्र नसलं तरी चालेल.

पौर्णिमा


येडशी,
ता. १ जून २०२५

पौर्णिमा,

ठेवीची पावती सोबत हाय. बँकेनं नवं कार्ड धाडलं व्हतं, तेबी पाकीट न फोडता घातलंय. अन् तुझा फॉर्मबी. तो पेटीतच व्हता. पत्र नको म्हणालीस, पण ह्या तीन वस्तू नुसत्या धाडल्या तर म्या चोर ठरतो. चोर हायच. पण काय चोरलं ते सांगतो.

फॉर्म आला तवा म्या बँकेत गेलो व्हतो. रांगेत हुबा ऱ्हायलो. पुढचा माणूस झाला, माझी पाळी आली, माणिकप्पांनी हात पुढं केला. अन् म्या मागं सरलो. म्हणलं, पुढल्या महिन्यात देऊ. पुढला महिना आला तवा बिल आलं. बिल आलं म्हणून तुला पत्र लिव्हलं, तुझं उत्तर आलं. तवा ध्यानात आलं की फॉर्म दिला की हे थांबणार. मला नुसतं पत्र लिव्हता येत न्हाय गं. काय लिव्हायचं? उठलो, भाकर केली, झोपलो. बिल असलं की बसता येतं, लिव्हता येतं. आकडा असतो, तारीख असती, माणसाला काम असतं. पाकिटावर नाव असतं, पौर्णिमा प्रसेनजित, खाली येडशीचा पत्ता. पोस्टमन दारात आला की रुद्रम्मा बघती की ह्या घरला टपाल येतंय.

आता फेब्रुवारीचं. पोस्टमननं तुझं लग्नाचं पत्र अन् बँकेचं पाकीट दोन्ही एका हातानं दिलं. पत्र आधी वाचलं. मग पाकीट फोडलं न्हाय, चुलीच्या वरल्या फळीवर ठिवलं. तारीख मला ठावं व्हती. रोज बघायचो. मनात असं व्हतं की पैसे थकले तर बँक कार्ड बंद करू देत न्हाय, हे माणिकप्पांनी मागं एकदा वहीत लिहून दिलं व्हतं. एवढाच इचार व्हता. तुझं कर्ज अडंल, घर जाईल, हे डोक्यात आलंच न्हाय म्हणलं तर खोटं व्हईल. आलं व्हतं. आलं अन् म्या ते बाजूला केलं.

प्रसेनजितचा फोन म्या अजून चार्ज करतो, महिन्याला पैसे भरतो. मार्चात तो लई थरथरायचा. बँकेवाले असणार, दुसरं कोण करतंय त्या नंबरला. आवाज ऐकू येत न्हाय, पण थरथर हातात कळती. ती थांबस्तोवर हातात धरून बसायचो.

तू आलीस त्या दिवशी म्या दारातच व्हतो. दुपारी रुद्रम्मा भाजीची पाटी ठिवून आली अन् तिनं मनगट धरून नाडी बघायची खूण केली. तू नर्स, म्हणून तुझी खूण तीच हाय तिची. म्या म्हणलं, कुठं? तिनं स्टँडकडं हात केला. म्या तसाच उठलो. एक चप्पल सापडंना, अनवाणी गेलो. उन्हानं डांबर तापल्यालं. गाडी गेल्याली. बाकड्यावर एक बाई बसली व्हती, तिच्या पोरीच्या हातात खारीक व्हती. तुझं पत्र आल्यावर कळलं ती कुणाची. तवा नुसतं बाकड्याकडं बघून परत आलो.

माणिकप्पा म्हणालेत ते खोटं न्हाय. जुनं कार्ड ठिवलं तर तुझ्याच भल्याचं हाय, हे आजबी खरं हाय. पण म्या ते सांगत व्हतो तवा तुझ्या भल्यासाठी सांगत व्हतो का माझ्या, ते मला उकलत न्हाय. म्हणून आता सांगत न्हाय. तुझं नाव तुझं हाय. बंद कर, ठिव, जाळ. पैसे मला परत धाडलेस तर घेईन. न्हाय म्हणायचा हक्क ऱ्हायला न्हाय.

उत्कर्षला माझ्याबद्दल खरं तेच सांग. त्याच्या आईलाबी. डाग तुझा न्हाय म्हणावं.

मला लिव्हू नको. तुला नव्या घरात जायचंय. मागं वळून बघायची सवय बरी न्हवं.

आबाराव


सोलापूर,
२२ जून २०२५

ति. आबा यांस,
सविनय जयभीम.

लिहू नको म्हणालात तरी लिहितेय. माझा राग गेलेला नाही, हे आधी सांगते. म्हणजे पुढचं वाचताना तुमची समजूत चुकायला नको.

तुमचं पत्र मी उत्कर्षला वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "तू त्या दिवशी घरी जायला हवं होतंस." मी म्हटलं, "तुला काय कळतंय? घर माझं गेलं." तो म्हणाला, "घर दोघांचं गेलं. पण अनवाणी ते एकटे आले." संध्याकाळी त्यानं त्याच्या आईला बसवून सगळं सांगितलं, कुणाचा डाग, कसा लागला. त्या ऐकत होत्या आणि मेथी निवडत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझं लेकरू कामावर गेलं की मीपण दिवसभर गॅसवाल्याची वाट बघते. त्याच्याशी दोन शब्द तरी होतात."

काल मी पुन्हा येडशीच्या बँकेत गेले होते. ह्या वेळीही घरी आले नाही. अजून येववत नाही, खोटं कशाला सांगू. माणिकप्पांपुढं तुम्ही पाठवलेली पावती ठेवली आणि म्हटलं, "मला आबांचं ऐकायचं नाही, माझ्या रागाचंही ऐकायचं नाही. हे कार्ड तुमच्या मुलीचं असतं तर काय केलं असतंत?"

ते म्हणाले, "आज बंद केलंत तर ठेव हातात येईल, पण थकल्याची नोंद आहे तशी राहील आणि पुढं काही चांगलं तिच्यावर चढणार नाही. वर्षभर चालू ठेवा, महिन्याचं महिन्याला भरा. मग ह्याच कार्डाला साधं कार्ड करून द्या म्हणून अर्ज करा. मंजूर झाला तर ठेव सुटते आणि कार्डाची पाच-सहा वर्षंही हातची जात नाहीत. मात्र वर्षभर धीर पाहिजे."

मी अर्धा तास तिथं बसून राहिले. समोर बंद करायचा फॉर्म होता, सही तेवढी बाकी. मला ते कार्ड बंद करायचं होतं, आबा. त्याचे चार तुकडे करून तुमच्या पत्त्यावर पाठवायचे होते. पण मग कळलं की ते मी तुमच्यावर चिडून करणार, आणि चिडून केलेल्याचा भुर्दंड पुन्हा माझ्याच नावाला पडणार. ते कार्ड काढताना तुम्ही काउंटरवर जे बोललात ते खरंच बोलला होता. नंतर तुम्ही काय केलंत त्यानं ते खोटं होत नाही.

म्हणून कार्ड ठेवलंय. ठेव आणखी एक वर्ष तिथंच राहील. सुटली की पैसे तुमच्याकडं येतील, आणि तुम्ही ते घ्यायचे.

आणि पत्ता बदलला. माणिकप्पांसमोर फॉर्म भरला, शिक्का मारून घेतला. मोबाईल नंबरही माझा दिला. पुढच्या महिन्यापासून बिल सोलापूरला येईल. येडशीला आता बँकेचं काही येणार नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण हे असंच व्हायला हवं होतं, दोन वर्षांपूर्वीच. प्रसेनजितचा फोन तुम्हाला चालू ठेवायचा असेल तर ठेवा. त्यात माझं काही म्हणणं नाही.

लग्न २४ ऑगस्टला, रविवारी, इथल्या विहारात. माझ्या बाजूनं मामा-मामी आहेत, दवाखान्यातल्या दोघी-तिघी आहेत. तुम्ही या असं म्हणायला जीभ अडखळते, येऊ नका असंही म्हणवत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

आता मला पत्र लिहायला तुमच्याकडं काही कारण उरलेलं नाही. कारण नसताना लिहाल का, ते मला माहीत नाही. लिहिलंत तर मी वाचेन. एवढंच सांगू शकते.

पौर्णिमा


येडशी,
ता. ८ जुलै २०२५

चि. पौर्णिमा हिस जयभीम आणि आशीर्वाद.

पत्रास कारण काही न्हाय.

हे एक वाक्य लिव्हून चार दिवस कागद तसाच ठिवला व्हता. आज म्हणलं, जे घडलं ते लिव्हावं.

सकाळी उठलो. ज्वारीचं पीठ संपल्यालं, म्हणून गिरणीत गेलो. गिरणीवाल्याला माझ्याशी वरडून बोलायची सवय हाय. वरडला तरी मला कळत न्हाय, अन् बाकीची माणसं बघत बसतेत. आज म्या त्याला खिशातनं कागद-पेन काढून दिलं. त्यानं लिव्हलं, "दहा मिनिटं लागतील." पाच वर्सं म्या त्या गिरणीत जातोय, किती टाइम लागंल हे आज पैल्यांदा कळलं.

मग स्टेशनावर जाऊन बसलो. ब्रेडचा पुडा घेतला व्हता. रामलिंगाच्या देवळाकडनं एक वानर आलं अन् माझ्या मांडीवरनं पुडा उचलून छपरावर जाऊन बसलं. वर बसून एकेक तुकडा सोलून खातंय, माझ्याकडं बघतंय. मला लई हसू आलं. तोंड उघडं टाकून हसलो. मग वाटलं, मोठ्यानं हसलो का काय? माझं हसणं मला ऐकू येत न्हाय. आजूबाजूला बघितलं, फलाटावर कुणीच न्हवतं. मग कुणाला सांगावं हे कळंना. घरी येऊन रुद्रम्माला खुणेनं सांगायला लागलो तर तिला वाटलं वानर चावलं. तिनं हळद आणली. हळद लावून घेतली.

दुपारी पोस्टमन गल्लीत आला अन् पुढं गेला. त्यानं माझ्याकडं बघून हात हलवला, न्हाय म्हणून. म्या मान हलवली. वाईट वाटलं. तू केलंस ते बरोबर केलंस, तरी वाटायचं ते वाटलं.

लग्नाला येतो. सकाळच्या एसटीनं येईन, पाठीमागं बसंन. तुझ्या माणसांनी इचारलं ह्ये कोण, तर तुला जे सांगावं वाटंल ते सांग. काहीच सांगू वाटलं न्हाय तर गाववाला म्हण. उत्कर्षच्या आईला माझा जयभीम. उत्कर्षला काय म्हणावं हे मला सुचत न्हाय. मला जावई कधी न्हवता. त्यानं जे लिव्हून दिलं ते म्या वाचीन, एवढं त्याला सांग. माझ्याशी बोलायचं म्हणजे कागद लागतो.

आता सांज झाली. भाकर टाकायची हाय. दोन टाकाव्या का तीन, एवढाच आजचा प्रश्न.

तुझ्याकडं आज काय घडलं ते लिव्ह. काहीच घडलं नसंल तर तेच लिव्ह.

आबा